सिम कंपनीचं, मोबाइल आपला; मग राउटर कुणाचा?

फायबरचं कनेक्शन घेतलं की कंपनीचा माणूस येतो, भिंतीवर एक डबा बसवतो आणि निघून जातो. गेल्या वर्षी मी स्वतःचा राउटर आणला आणि कंपनीला एवढंच सांगितलं, ‘तुमचा डबा ब्रिज मोडवर टाका.’ उत्तर आलं, ‘पॉलिसीत बसत नाही.’ महिन्याचं बिल मी भरतो, मग घरातल्या नेटवर्कची किल्ली कंपनीकडे का?

डब्यात काय असतं?

त्यात दोन यंत्रं असतात. पहिलं ओएनटी. ते फायबरमधल्या प्रकाशाचं विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करतं. त्याचा सिरियल नंबर कंपनीकडे नोंदलेला असतो, म्हणून ते सहजासहजी बदलता येत नाही. दुसरा राउटर. वायफाय आणि फायरवॉल ही कामं त्याची. ब्रिज मोडमध्ये ही कामं तुमच्या राउटरकडे येतात. त्यासाठी बहुतेकदा पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड आणि काही ठिकाणी व्हीलॅन क्रमांक लागतो.

कंपनीची बाजू

प्रत्येकाचा राउटर वेगळा असेल तर बिघाड शोधणं अवघड जातं, हे खरंच. पण सगळीकडे एकाच जातीची यंत्रं असण्यातही धोका आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची सेवा सायबर हल्ल्यामुळे कोलमडली. राउटरची देखभाल दुरून करण्यासाठी वापरलं जाणारं पोर्टच हल्लेखोरांनी गाठलं होतं. त्याच जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून स्वतःचा राउटर वापरण्याचा हक्क ग्राहकाला कायद्यानं मिळाला आहे. ट्रायनंही हा हक्क इथे स्पष्ट शब्दांत द्यायला हवा.

तोवर काय कराल?

कनेक्शन घेण्यापूर्वीच तीन गोष्टी लेखी विचारा : ब्रिज मोड मिळेल का, पीपीपीओईचा पासवर्ड देणार का आणि त्यानंतर लँडलाइन व टीव्ही सुरू राहतील का?

नकार आला तर तुमचा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर जोडा. वायफाय तरी सुधारेल. नुसताच जोडलात तर डबल नॅट होऊन ऑनलाइन गेम किंवा घरचा सीसीटीव्ही बाहेरून पाहणं अडू शकतं.

आणि एक लक्षात ठेवा. राउटर आपला झाला की त्याचा अपडेट आणि मजबूत पासवर्ड ही जबाबदारीही आपलीच. ती घ्यायची तयारी असणाऱ्याला ‘पॉलिसी’ दाखवून अडवणं मात्र योग्य नाही.