पंपाच्या मशीनमधली चिप ‘लॉक’ असते, मग तेल कमी कसं येतं?

देवणी : पंपावर गाडी लावली की आपण आधी मीटरवर शून्य आहे का, ते बघतो. पण शून्यानंतर आकडे किती वेगाने पळणार, हे मशीनच्या आतलं कार्ड ठरवतं. त्या कार्डातल्या चिपला कुलूप असतं का? असलं तर ते पुरेसं आहे का?

काय घडलं होतं?
एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेशच्या एसटीएफने लखनऊतल्या पंपांवर छापे टाकले. मशीनमध्ये बसवलेल्या, रिमोटने चालू-बंद होणाऱ्या चिप सापडल्या. त्याच वर्षी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेनेही महाराष्ट्रातल्या पंपांवर कारवाई केली.

गडबड कुठे होते?
तेल वाहताना मापक फिरतो. पल्सर नावाचा भाग त्या फिरण्याचे विद्युत ठोके कार्डाला पाठवतो. ठरावीक ठोके झाले की एक लिटर. ठोके वाढवले किंवा हिशेबाचा प्रोग्राम बदलला, की लिटर आधीच ‘पूर्ण’ होतो.

कुलूप कसं लागतं?
वीज मीटर असो की वायफाय राउटर, अशा यंत्रांचा प्रोग्राम बहुतेक वेळा फ्लॅश मेमरीत असतो. मेमरीचा कोणता भाग बदलता येणार नाही, हे चिपमधल्या स्टेटस रजिस्टरचे बिट ठरवतात. पण हे झालं सॉफ्टवेअरचं कुलूप. आत शिरलेला प्रोग्राम ते उघडू शकतो.

म्हणून अनेक चिपना ‘डब्ल्यूपी’ ही वेगळी पिन असते. रजिस्टरमधला संरक्षणाचा बिट चालू करून ही पिन ग्राउंडला जोडली, की ते बिटही बदलता येत नाहीत. दोन्ही गोष्टी लागतात. नुसती पिन जोडली आणि बिट तसेच ठेवले, तर मेमरी उघडीच राहते. शिवाय वेगासाठी ‘क्वाड’ मोड चालू केला, की बऱ्याच चिपमध्ये हीच पिन डेटा वाहायला लागते आणि राखण थांबते.

याने फरक पडतो का?
पडतो. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच व्हायरसने जगभरातल्या कॉम्प्युटरची बायोस चिप पुसली. ज्या मदरबोर्डवर लिहिणं रोखणारा जंपर लावलेला होता, त्यांची चिप वाचली.

मग पळवाट कोणती?
हे कुलूप आतला प्रोग्राम राखतं. मशीन उघडून अख्खं कार्डच बदललं किंवा पल्सर आणि कार्डाच्या मध्ये जादा चिप बसवली, तर ते काही करू शकत नाही. तिथे सीलच कामाला येतं. आणि रिमोटने बंद होणारी चिप तपासणीच्या दिवशी माप बरोबर दाखवते. त्यामुळे वर्षातून एकदा, आधी कळवून केलेली पडताळणी पुरेशी नाही. अचानक तपासणी हवी आणि मापासोबत कार्डही बघायला हवं.

तुम्ही काय कराल?
शंका आली तर ५ लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे. ५ लिटरमागे २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो. त्याहून कमी भरलं तर पावती घ्या आणि वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करा. ट्रॅक्टरमध्ये ५० लिटर डिझेल भरताना ५ टक्के कमी आलं, तर अडीच लिटर गेले. पेरणीच्या दिवसांत ते परवडणारं नाही.