मेदोहर औषधे आणि आम्लपित्त : न विचारलेला प्रश्न

आम्लपित्ताचा रुग्ण समोर बसला की आपण आहार, जागरण, चहा, क्रोध, चिंता यांची रीतसर चौकशी करतो. वजन कमी करण्यासाठी काही घेता काय, हा प्रश्न मात्र आपल्यापैकी किती जण विचारतात? आम्ही स्वतः तो विचारीत नव्हतो, हे आरंभीच मान्य करतो.

ब्रह्मपुरी भागातील एक शिक्षिका गेल्या वर्षी छातीत जळजळ, आंबट ढेकर व रात्री घशाशी येणारे पाणी या तक्रारी घेऊन आल्या. ऊर्ध्वग आम्लपित्ताचे निदान सरळ वाटले. अविपत्तिकर चूर्ण व कामदुधा रस दिला. पंधरा दिवसांत उपशय नाही. तिसऱ्या भेटीत त्यांनी संकोचाने सांगितले की नागपूरच्या डॉक्टरांनी दिलेले आठवड्याचे इंजेक्शन सुरू असून नुकतीच मात्रा वाढविली आहे. शिवाय फरक लवकर पडावा म्हणून दुकानातून आणलेला मेदोहर गुग्गुळ त्या सकाळी रिकाम्या पोटी घेत होत्या. बाईंनी काही लपविले, असे म्हणता येणार नाही.

टिर्झेपेटाइड मार्च २०२५ मध्ये व सेमाग्लुटाइडचे वजनासाठीचे इंजेक्शन जून २०२५ मध्ये भारतात आले. आपल्या वनजिल्ह्यांत ते कोण घेणार, असे काहींना वाटेल. नोकरदार व व्यापारी घरांतील रुग्ण उपचारासाठी नागपूरला जातात आणि त्रास झाला की आपल्याकडे येतात. ही औषधे भूक मंदावतात व आमाशय रिकामे होण्यास विलंब लावतात. अन्न रेंगाळते, मळमळ होते, आंबट द्रव वर येतो. मात्रा वाढविली की बहुधा तक्रारीही वाढतात.

येथे आपल्या सवयीच्या चिकित्सेचा घोटाळा होतो. चरकाच्या अष्टौनिन्दितीय अध्यायानुसार मेदाने मार्ग रुद्ध झाल्यामुळे कोष्ठातील वायू अग्नीला प्रदीप्त करतो, म्हणून स्थूल व्यक्तीची भूक अधिक. इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णात चित्र उलटे असते. देह स्थूल, परंतु आमाशय मंद. अशा वेळी मेदोहर गुग्गुळातील त्रिकटू व चित्रक यांचे तीक्ष्णत्व, तेही रिकाम्या पोटी, विदाह वाढविते असे आमचे मत आहे. मंदाग्नी दिसला म्हणून तीक्ष्ण दीपन द्यावे, हा मोह आम्हांलाही झाला होता. ऊर्ध्वग आम्लपित्तात वमन शास्त्रोक्त खरे. परंतु आधीच मळमळणाऱ्या, जेमतेम जेवणाऱ्या रुग्णास ते देणे म्हणजे जलक्षयाला निमंत्रण. अविपत्तिकरात त्रिवृत्त आहे. रुग्णास जुलाब होत असतील तर तेही थांबवावे. आम्ही ते न विचारता दिले होते.

बाईंचा गुग्गुळ बंद केला आणि इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना पत्र लिहिले. त्यांनी मात्रा एक पायरी खाली आणली. इंजेक्शन आपण परस्पर बंद करू नये. मधुमेही रुग्णात त्याचा हिशेब निराळा असतो. उरलेले काम पथ्याने केले : थोडे थोडे जेवण, तेलाची तर्री वर्ज्य, निजण्यापूर्वी तीन तास काही न खाणे, पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा. तीन आठवड्यांत उतार पडला.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रात अथवा कोळसा खाणींत पाळीने काम करणारा रुग्ण मध्यरात्री घरी येऊन भात-रस्सा जेवतो व लगेच आडवा होतो, त्याला हे पथ्य पटविणे कठीण. खर्रा सोडविणे त्याहून कठीण, आणि तंबाखूने अन्ननलिकेचे खालचे दार सैल पडते हे विसरून चालणार नाही.

एक धोका स्वतंत्रपणे सांगतो. या औषधांबरोबर स्वादुपिंडाचा दाह क्वचित होतो. वजन झपाट्याने उतरल्यास पित्ताशयात खडे होऊ शकतात. पाठीत जाणारी तीव्र पोटदुखी व सतत उलटी, किंवा उजव्या बरगडीखाली शूळ व ताप असल्यास शंखभस्माची पुडी बांधून घरी पाठवू नये. सिरोंचा किंवा भामरागडच्या रुग्णाचा असा एक दिवस वाया गेला तर पुढचा रस्ता फार लांबचा आहे.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंचाही यात वाटा आहे. मेदोहर गोळ्या व आम्लपित्ताचे सिरप एकाच ग्राहकाच्या पिशवीत जात असतील, तर तेथेच विचारावे. सेमाग्लुटाइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी अर्ध्या कपापर्यंत साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते व नंतर किमान अर्धा तास काही घ्यायचे नसते. त्याच वेळी मध-लिंबाचे पाणी वा चूर्ण घेणाऱ्याचे औषध वाया जाते. थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने शंखभस्म चार तासांच्या अंतराने घ्यावे.

आमच्या रुग्णपत्रिकेवर आता एक ओळ वाढविली आहे : वजन कमी करण्याचे इंजेक्शन, गोळी, चूर्ण, काढा. चारही शब्द मोठ्याने वाचून विचारतो, कारण चूर्णाला औषध न मानणारे रुग्ण पुष्कळ आहेत.