खाली दुकान, वर घर, आणि छताला काय?

मंडळी, पोस्ट जरा लांबली आहे. पण ज्यांचं खाली दुकान आणि वर बिऱ्हाड आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

३ एप्रिल २०२४. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात पहाटे एका टेलरिंगच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले ७ जण गेले. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोचलीही नव्हती. धुरानं गुदमरून गेले. त्याआधी ३० ऑगस्ट २०२३ ला पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत हार्डवेअरच्या दुकानाला आग लागली, एका कुटुंबातले चौघे गेले. तीही पहाटच होती.

अशा वेळी आम्ही पत्रकार 'शॉर्टसर्किटची शक्यता' असं लिहून मोकळे होतो. मीही वीस वर्षं तेच लिहीत आलोय. आग कशी लागली हे आम्ही विचारतो. आतल्या माणसांना जाग का आली नाही, हे विचारत नाही. झोपेत नाक काम करत नाही हो. धुराच्या वासानं जाग येईल या भरवशावर राहू नका. कान मात्र जागे असतात. म्हणून घरात वाजणारं काहीतरी पाहिजे.

आता माझीच फजिती सांगतो. माझा भाऊ बाजारपेठेत दुकानावरच राहतो. छावणीची बातमी वाचून मी त्याच्यासाठी ऑनलाइन एक स्मोक अलार्म मागवला आणि हौसेनं स्वयंपाकघरात लावला. दुसऱ्याच दिवशी वहिनीनं ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या आणि सगळी गल्ली गोळा झाली. आठवडाभर रोज तेच. शेवटी आईनंच सांगितलं, "काढ रे बाबा ते." बॅटरी काढली, डबी छताला तशीच. दोष अलार्मचा नव्हता. मी चुकीचा घेतला आणि चुकीच्या जागी लावला.

तर घ्यायचा कुठला? धुराचे अलार्म मुख्यतः दोन प्रकारचे. 'आयोनायझेशन' अलार्म भडकन पेटलेली आग लवकर ओळखतो, पण फोडणीनंही बोंबलतो. 'फोटोइलेक्ट्रिक' प्रकाशाच्या किरणावर चालतो आणि धुमसणारी आग लवकर पकडतो. कापडाचे गठ्ठे, गादी, वायरचं आवरण हे सगळं आधी धुमसतं. आपल्या घरांना हाच बरा. खोक्यावर 'फोटोइलेक्ट्रिक' किंवा 'ऑप्टिकल' लिहिलंय का बघा.

स्वयंपाकघरात धुराचा नको, उष्णतेचा म्हणजे हीट अलार्म लावा. तो फोडणीला दाद देत नाही. गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणून तो जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायचा. धूर वर जातो, म्हणून धुराचा छताला. पंख्याखाली आणि देवघरातल्या उदबत्तीजवळ लावू नका.

पण सगळ्यात मोठी चूक पुढंच आहे. आपण अलार्म लावतो वर, जिथं झोपतो तिथं. आग लागते खाली, जिथं माल, इन्व्हर्टर आणि जिन्याखाली चार्जिंगला लावलेली ई-स्कूटर असते. वरचा अलार्म वाजेपर्यंत जिना धुरानं भरलेला असतो. बाहेर पडायला बहुतेकांना तोच एक जिना! खालीच एक लावला, तर बंद शटरआडचा आवाज वर पोचेलच असं नाही. म्हणून एकमेकांना जोडलेले, 'इंटरलिंक्ड' अलार्म घ्या. एक दुकानात, एक जिन्याच्या माथ्यावर, एक झोपायच्या खोलीत. खालचा वाजला की तिन्ही वाजतात. मिळतात ती मिनिटं इथंच मिळतात. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून घरोघरी असे जोडलेले अलार्म लावण्याचा कायदाच आहे.

खरेदी करताना दुकानदाराला एक नक्की विचारा: "याच्यात भोंगा आहे का?" इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारे बरेच डिटेक्टर ऑफिस-हॉस्पिटलच्या पॅनेलला जोडायचे असतात. नुसता छताला लावला तर तो मुका. मागच्या बाजूला 'ईएन १४६०४' किंवा 'यूएल २१७' हे मानक छापलेलं असावं. दहा वर्षांची सीलबंद बॅटरी मिळाली तर उत्तम, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसाठी कुणी काढणार नाही. महिन्यातून एकदा बटण दाबून बघा. दहा वर्षांनी अख्खा अलार्म बदला.

आणि अलार्म वाजला तर पळायचं कुठून? खिडक्यांना जाळी, गच्चीला कुलूप, किल्ली कुणाकडं ते कुणालाच माहीत नाही. आधी ती किल्ली दाराजवळ टांगा. बाहेर पडलात की १०१ किंवा ११२.

आता नगरपालिकेला. महाराष्ट्रात अग्निप्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे. कायद्याचा सगळा जोर उंच इमारती, हॉस्पिटलं, मॉल यांच्यावर. बाजारपेठेतल्या दुकानावरच्या घरात विचारायला कोण येतं? दुकानाचा परवाना देताना 'वर कुणी झोपतं का?' एवढा एक प्रश्न विचारा. झोपत असेल तर अलार्म आणि दुसरी वाट बघूनच सही करा. व्यापारी संघानं एकत्र खरेदी केली तर भावही पडेल. गणपती मंडळांनी यंदा डीजेच्या पैशातून एका गल्लीला अलार्म लावून दाखवावेत. आवाजच करायचा तर कामाचा करा.

भावाकडं गेल्या रविवारी तीन जोडलेले अलार्म लावले. चाचणीसाठी खालचं बटण दाबलं, तर वर दुपारचं झोपलेलं पोरगं ताडकन उठून बसलं. वहिनी चिडली. मला मात्र त्या रात्री शांत झोप लागली.