पूर्ण तिकिटाचा माणूस

गेल्या दसऱ्याला मी सायकलीला झेंडूचा हार घातला. हार मोटारीच्या मापाचा होता. आमच्या नागावच्या हारवाल्याला मी जुन्या सवयीनं "गाडीचा एक" म्हणून सांगून बसलो आणि त्यानंही दरवर्षीसारखा चांगला घसघशीत हार बांधून ठेवला. हँडलला दोन वेढे देऊनही तो पुढच्या चाकात अडकू लागला, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी तो मधोमध तोडला आणि उरलेला अर्धा दाराला लावला. शेजारच्या वाडीतले अण्णा कुंपणापाशी उभे राहून हे सारं पाहत होते. त्यांच्या दारात त्याच सकाळी नवी कोरी मोटार आली होती. त्यांनी पेढ्यांचा डबा पुढे केला आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं अशा आवाजात विचारलं, "सर, सगळं ठीक आहे ना?"

मोटार घेणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. विकणाऱ्याला मात्र माणसागणिक वेगळं कारण तयार ठेवावं लागतं. कॉलेजात मी पर्यावरणाचं दिलं. ते छान खपलं. एका तरुण सहकाऱ्यानं तर स्टाफरूममध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि मग स्वतःच्या मोटारीत बसून तो घरी गेला. डॉक्टरांना मी प्रकृतीचं कारण सांगितलं, आईला काटकसरीचं. खरं कारण गॅरेजवाल्यानं एका चतकोर कागदावर पेन्सिलीनं लिहून दिलं होतं. अकरा वर्षांच्या त्या गाडीच्या दुरुस्तीला जी रक्कम पडणार होती, तेवढी ती विकूनही माझ्या हाती येणार नव्हती. तेव्हा माझा त्याग हा मुळात वजाबाकीचा होता. तत्त्वं मागाहून आली. आली तेव्हा मी त्यांना बसायला पाट दिला, इतकंच.

आमचं घर नागावला आणि कॉलेज अलिबागच्या बाजूला. मधला रस्ता आठ-नऊ किलोमीटरांचा. दोन्ही हातांना नारळी-पोफळीच्या वाड्या, आक्षीची खाडी, आणि रस्ता इतका अरुंद की समोरून एस.टी. आली की आपण आपोआप श्वास आत घेतो. सोमवार ते शुक्रवार हा रस्ता आमचा असतो. शनिवार-रविवारी तो मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांचा. अलिबागेत एक चुंबकीय वेधशाळा आहे, ती मूळची मुंबईच्या कुलाब्याची. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेनं नाजूक चुंबकसुया बिचकतील म्हणून शांत जागेचा शोध सुरू झाला आणि १९०४ साली ही वेधशाळा समुद्र ओलांडून अलिबागेला आली. मुंबईची शेवटची ट्राम १९६४ साली बंद पडली; वेधशाळा इथंच राहिली. ट्रामला भिऊन जी शांतता आमच्या गावात राहायला आली, तिला भेटायला आता दर शनिवारी मोटारींची रांग लागते. त्या रांगेत मीही कितीदा हॉर्न वाजवत आणि "या मुंबईकरांनी" अशी सुरुवात करत बसलो आहे. आपलीही मोटार त्या रांगेतली एक आहे, हे रांगेत बसलेल्या माणसाला कधी दिसत नाही.

सायकल घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं विचारलं, "सर, मुलगा कितवीत आहे?" सायकल म्हणजे एक तर शाळकरी पोरांची, नाहीतर घट्ट कपडे घालून पहाटे व्यायामाला निघणाऱ्या हौशी मंडळींची. पन्नाशीकडे झुकलेल्या मास्तरानं डबा कॅरिअरला लावून कामावर जायचं, ही कल्पना त्याच्या दुकानातून केव्हाच हद्दपार झाली होती. मी साधी, काळी, मडगार्डवाली मागितली. ती माळ्यावरून काढावी लागली. पहिल्या आठवड्यात माझे गुडघे बोलू लागले, दुसऱ्या आठवड्यात भर बाजारात चेन उतरली आणि माझ्याच वर्गातल्या दोघा मुलांनी ती चढवून दिली. काळ्या हातांनी त्या दिवशी मी ज्ञानेश्वरी शिकवली. वर्ग कधी नव्हे इतका लक्ष देऊन ऐकत होता. माझ्या बोटांकडे पाहत होता म्हणा हवं तर.

सायकलीनं मला एक लाजिरवाणी गोष्ट दाखवून दिली. आक्षी गावात एक शिलालेख आहे. शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा, शिलाहार केशिदेवाच्या काळातला. देवीच्या बोडणासाठी धान्य दिल्याची नोंद त्यात आहे. आमच्या पिढीला शाळेत मराठीचा पहिला लेख म्हणून श्रवणबेळगोळचा सांगत, शं. गो. तुळपुळ्यांनी १९६३ साली प्राचीन मराठी कोरीव लेखांचा संग्रह काढला, त्यात मात्र आक्षीच्या लेखाला अग्रमान आहे. हे सगळं मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. पण त्या दगडापुढे जाऊन मी नीट उभा राहिलो होतो का? एकदा, विद्यार्थी असताना. त्यानंतर अकरा वर्षं मी त्याच्या जवळून रोज दोनदा मोटारीनं गेलो. वळायचं, गाडी लावायला जागा शोधायची, उशीर व्हायचा; उद्या बघू. सायकलीवर एका संध्याकाळी पाय टेकला आणि गावात वळलो. फार वर्षं तो दगड उन्हापावसात उपेक्षित उभा होता. झिजलेल्या अक्षरांवरून बोट फिरवायचा मोह मी आवरला. मला त्यातलं दोन-तीन शब्दांपलीकडे काही लागलं नाही. फळ्यावर मात्र मला तो लेख चांगला वाचता येतो.

पावसाळ्यात सायकलीचे लाड संपतात. आमच्याकडचा पाऊस छत्रीला विचारत नाही. जूनपासून मी एस.टी. धरली. आमच्या लहानपणी गावात घड्याळ एस.टी.चंच असे. "पनवेल गेली का?" म्हणजे साडेसहा झाले का. अकरा वर्षांनी त्या गाडीत चढलो तेव्हा कळलं की घरातले सगळे माझ्या आधीच तिथं पोचलेले आहेत. पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास फुकट, म्हणून आमची आई महिन्यातून दोनदा पेणला माहेरी जाऊ लागली आहे. माझी मोटार होती तेव्हा ती वर्षातून एकदा जाई, कारण मला सवड नसे. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. कंडक्टर पुढ्यात आला की आई आधारकार्ड काढते, ही अर्धे पैसे काढते, आणि पूर्ण तिकिटाचा घरात मी एकटा.

गाडीत मासळीच्या टोपल्या असतात, दवाखान्याच्या फायली असतात, नव्या सुनेला न्यायला आलेले दीर असतात. एकदा माझ्या मागच्या बाकावर कोर्लईच्या दोन बायका बोलत होत्या. पोर्तुगीज १७४० साली इथून गेले. पण त्यांच्या भाषेत आमच्या मातीची भाषा मिसळून झालेली बोली कोर्लईची ख्रिस्ती मंडळी अजून घरात बोलतात. भाषेचा प्राध्यापक म्हणून मी तिच्याविषयी वाचलं होतं. कानावर ती पहिल्यांदा पडली. मोटारीत मी काचा वर करून गाणी ऐकत असे.

हे सगळं वाचून कुणी उद्याच मोटार विकायला काढील, म्हणून एक रात्र सांगतो. "रात्री-अपरात्री आईंना काही झालं तर?" हा आमच्या हिचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न होता आणि मी त्याला नेहमी "बघू" असं उत्तर देत आलो होतो. श्रावणाच्या आधी एका रात्री दोन वाजता आईला श्वास लागला. बाहेर धो धो पाऊस. अण्णांच्या घराला कुलूप होतं. नाक्यावरच्या मिनीडोअरवाल्याला फोन केला. तो झोपेतून उठून, लुंगीवर शर्ट चढवून आला. त्याला यायला वीस मिनिटं लागली. आई सुखरूप घरी आली. पण ती वीस मिनिटं मी ओसरीवर उभा होतो आणि जिथं मोटार असायची त्या रिकाम्या जागेकडे पाहत होतो. तत्त्वं तेव्हा घरात झोपली होती. आमची ही एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं ते.

कॉलेजात माझी ख्याती वक्तशीर म्हणून. पहिला तास माझा, आणि घंटेबरोबर मी वर्गात. अकरा वर्षं मला वाटत होतं की हा माझा स्वभाव आहे. जुलै महिन्यात मी एस.टी.नं येऊ लागलो आणि पहिल्या पंधरवड्यात पाच वेळा उशिरा पोचलो. पाऊस, खड्डे, समोरून येणाऱ्या मोटारींची रांग. ड्रायव्हर बिचारा काय करणार? पाचव्या दिवशी भिजलेल्या चपला वाजवत मी वर्गात शिरलो, तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि लगेच, शहाण्यासारखी, नजर खाली घातली. मला एक मुलगी आठवली.

सहा-सात वर्षं झाली असतील. रेवदंड्याचा पूल ओलांडून पलीकडे, बोर्लीच्याही आत डोंगराच्या पायथ्याशी तिची वाडी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. अक्षर सुरेख. रोज दहा-पंधरा मिनिटं उशिरा येई आणि दारात उभी राही. "सर, गाडीला उशीर होतो," ती म्हणे. एक दिवस मी म्हणालो, "मग आधीची धरावी." वर्ग हसला. मीही थोडा हसलो असेन. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आहे. वर्षाच्या मध्याला कमी हजेरीवाल्यांची यादी लागली, तिच्यात माझ्या हातानं तिचं नाव गेलं. पालकांना घेऊन ये, म्हणून सांगितलं. पालक आले नाहीत. दिवाळीच्या सुटीनंतर तीही आली नाही. मी चौकशी केली नाही. यादी करणाऱ्याला यादी छोटी झाली की बरंच वाटतं.

त्या पाचव्या दिवशी तास आटोपून मी स्टँडवर गेलो आणि चौकशीच्या खिडकीपाशी विचारलं. आधीची गाडी होती. ती मुरुडहून पहाटे निघते. तिला गाठायचं तर त्या मुलीला काळोखात, पावसात, डोंगराच्या पायथ्यापासून हमरस्त्यापर्यंत एकटीनं चालत यावं लागलं असतं. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं कुठं होतं?

ऑगस्टमध्ये एका सकाळी गाडीत चढलो. गर्दी होती. खिडकीजवळच्या एका बाईनं मांडीवरचं मूल सावरून बाजूला सरकून जागा केली. "सर, बसा ना."

आवाजावरून मी ओळखलं. मूल तीनेक वर्षांचं होतं, त्याला तापासाठी सिव्हिलमध्ये दाखवायला ती निघाली होती. मी आक्षीपर्यंत मनातल्या मनात वाक्य जुळवत राहिलो. चोवीस वर्षं मराठी शिकवतो आहे, पण हव्या त्या वाक्याचा कर्ताच सापडेना. तिनंच विचारलं, "सर, गाडी बिघडली का तुमची?"

"विकली."

"मग रोज एस.टी.नं?"

"पावसात एस.टी.नं. एरवी सायकल."

तिनं मुलाच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला. मग काळजीनं म्हणाली, "पहिला तास तुमचाच असतो का अजून?"

"हो."

"मग सर, ही गाडी नका धरू. पावसात ही वेळेवर पोचतच नाही." ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत काही खोच आहे का ते मी शोधलं. मला ठरवता आलं नाही. "आधीची धरा," ती म्हणाली.

तेवढ्यात कंडक्टर आला. तिनं तिचं तिकीट आधीच काढलेलं होतं.

"कुठं, सर?"

"अलिबाग," मी म्हणालो. "एक पूर्ण."