झरीचा ठराव आणि आजची उचल

तलासरी तालुक्यातील झरी हे गाव प्रवासी म्हणून कोणी मुद्दाम पाहावयास जाईल असे नाही. तेथे किल्ला नाही, तीर्थक्षेत्र नाही, नावाजलेली पेठ नाही. तथापि ता. २३ मे १९४५ रोजी या गावी सुमारे पाच हजार वारली स्त्रीपुरुष जमले आणि किसान सभेच्या त्या परिषदेत त्यांनी ठरविले की, यापुढे जमीनदाराची वेठ करावयाची नाही, आणि रोजचे बारा आणे रोख हातावर पडल्यावाचून त्याच्या खाजगी शेतावर कामास जावयाचे नाही. झरी त्या वेळी ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात मोडत होती. पुढे १९६० साली दोन राज्ये झाली, उंबरगाव गुजराथेत गेले आणि तलासरीचा टापू महाराष्ट्राकडे राहिला. सीमा हलली, ठरावात मांडलेला प्रश्न मात्र हलला नाही. म्हणूनच आज त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची दुकाने आहेत. उधारीची वही त्यांच्या नित्य परिचयाची आहे. तेव्हा वेठीचे मर्म त्यांस त्यांच्याच भाषेत सांगितलेले बरे. वारल्याचा मुलगा लग्नाला आला म्हणजे बाप जमीनदाराकडून पैसे काढी आणि त्या पैशापायी मुलगा व सून दोघेही त्या जमीनदाराचे राबते होत. याला 'लग्नगडी' म्हणत. पावसाळ्यात घरातले धान्य सरले म्हणजे खावटी घ्यावी लागे आणि ती सवाईदिढीने फेडावी लागे. आता कोणी म्हणेल, कर्ज घेतले तर फेडावयास नको काय? अवश्य फेडावे. परंतु आपल्या गिऱ्हाइकाची गोष्ट वेगळी आहे. त्याची मजुरी दुसरा कोणी देतो, आणि त्या मजुरीतून तो आपली बाकी चुकती करून मोकळा होतो. लग्नगड्यास पैसा देणारा जो, तोच त्याला कामास लावणारा, तोच मजुरीचा दर ठरविणारा आणि तोच वही लिहिणारा. चारही भूमिका एका माणसाच्या ठायी एकवटल्या की ऋण फिटणे हे धनकोच्या मर्जीवर राहते, आणि फुकटचे दोन हात कोणास नकोसे होतात? मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सायमिंग्टन यांनी १९३९ च्या आपल्या अहवालात या स्थितीचे जे वर्णन केले आहे ते एका सनदी अधिकाऱ्याचे आहे, चळवळ्याचे नव्हे. तरी ते वाचून मान खाली जाते.

झरीच्या ठरावाचे मोल त्याच्या आकड्यात आहे. 'आम्हांवर दया करा' असे त्या लोकांनी म्हटले नाही. बारा आणे म्हटले. शामराव व गोदावरी परुळेकर यांनी त्यांस जी गोष्ट शिकविली ती हीच की, अन्यायाला मोजता येईल असे रूप द्यावे. त्याच वर्षी गवताच्या कापणीचा हंगाम आला तेव्हा पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये ही मागणी निघाली. मुंबईच्या तबेल्यांस हे गवत जात असे आणि त्यावर व्यापारी गबर होत असत. परिणाम काय झाला? ता. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड व त्याचे चार सोबती ठार झाले. परुळेकर दांपत्यास जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. तरी वेठ गेली ती गेलीच. गोदावरीबाईंनी हा सर्व वृत्तांत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेविला आहे. ज्या व्यापारी गृहस्थाच्या कपाटात तो नाही त्याने तो अवश्य आणावा.

आता वर्तमानाकडे येऊ. वेठ गेली आणि उचल आली. भातकापणी झाली, दिवाळी सरली, की तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा या भागांतून टेंपो भरून माणसे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. कोणी गुजराथच्या किनाऱ्यावर मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून जातात. त्यांपैकी काही समुद्रात सरहद्द चुकल्यामुळे कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षे खितपत पडले, हे आमच्या वाचकांनी ऐकलेच असेल. निघण्यापूर्वी, बहुधा पावसाळ्याच्या आडीअडचणीत, कुटुंबाने उचल घेतलेली असते. भट्टीवर दर आठवड्यास पोटापुरती 'खर्ची' मिळते. हजार विटांस दर काय, विटा किती पडल्या, फुटल्या किती, या सर्वांचा हिशेब हंगामअखेर होतो आणि तो मालकाच्या वहीत असतो. हिशेबाअंती काही अंगावर निघाले तर पुढल्या हंगामास पुन्हा तीच भट्टी. वरील चार भूमिका वाचकांनी येथे पुन्हा मोजून पाहाव्या. धनको, मालक, दर ठरविणारा आणि वही लिहिणारा: एकही कमी झालेला नाही.

सारेच भट्टीमालक असे वागतात असे आम्ही म्हणत नाही. चोख हिशेब करणारेही आहेत. परंतु ज्या व्यवस्थेत मजुराचे सुख मालकाच्या सज्जनपणावर अवलंबून आहे ती व्यवस्था सज्जन मालकालाही हानिकारकच होय. कारण शेजारचा दुर्जन त्याच्यापेक्षा स्वस्तात वीट विकतो.

ही स्थिती आमच्याच दैवी आली असे कोणी समजू नये. ज्या अमेरिकेची ओळख पंडिता रमाबाईंनी १८८९ साली आपल्या 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' या ग्रंथातून मराठी वाचकांस करून दिली, त्या देशात त्याच सुमारास इटलीतून लक्षावधी गरीब लोक उतरत होते. त्यांस कामावर नेणारा जो दलाल असे त्याला 'पाद्रोने' म्हणत. तो बोटीचे भाडे आगाऊ देई, आगगाडीच्या रस्त्यावर टोळी नेई, कामामागे आपले कमिशन कापी आणि छावणीत धान्यही आपल्याच दुकानातून चढ्या भावाने विकी. आमचा मुकादम त्याला भेटला असता तर दोघांस दुभाष्याची गरज पडली नसती! परदेशातून करार करून, भाडे देऊन मजूर आणण्यास अमेरिकन सरकारने १८८५ साली कायद्याने बंदी केली. पाद्रोने हुशार; तो न्यूयॉर्कच्या धक्क्यावर येऊन उभा राहिला आणि उतरलेल्या माणसांशीच व्यवहार करू लागला. कायदा झाला तरी त्याची अंमलबजावणी करणारा माणूस जागेवर नसेल तर काय होते, याचा हा उत्तम मासला होय.

शिकागोजवळ पुलमन नावाच्या कारखानदाराने १८८० नंतर आपल्या कामगारांसाठी एक सुंदर गाव वसविले. घरे त्याची, रस्ते त्याचे, पाणीही त्याचेच. १८९३ साली मंदी आली तेव्हा त्याने मजुरी सुमारे चौथाईने उतरविली; घरभाडे मात्र पैशानेही उतरविले नाही, आणि ते मजुरीतूनच कापून घेतले. १८९४ च्या मे महिन्यात संप झाला, तो देशभरच्या रेल्वेत पसरला, आणि सरकारने सैन्य पाठवून मोडून काढला. ही कथा सांगण्याचे कारण असे की, अमेरिकेने अखेर यातून एक गोष्ट ओळखली. १८९८ साली इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कंपनीने कारखाना चालवावा, गावाची मालकी सोडावी. मालक आणि घरमालक ही दोन माणसे असावीत. झरीच्या वारल्यांस हा निकाल कोणी समजावून दिला असता तर त्यांनी मान डोलाविली असती.

अमेरिकेची दुसरी एक चूकही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मजुरीचे दर उतरले याचा राग तेथील गोऱ्या कामगारांनी चिनी मजुरांवर काढला. १८८२ साली चिन्यांस बंदी करणारा कायदा झाला. १८८५ च्या सप्टेंबरात वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्स येथे कोळशाच्या खाणीवरील अठ्ठावीस चिनी मारले गेले. दर तेवढ्याने वाढले नाहीत. आमच्या जिल्ह्यातही बोईसर-पालघरकडे परप्रांतीय मजूर दिसला की 'यांनीच भाव पाडले' अशी कुजबूज ऐकू येते. भाव पाडणारा उपाशी माणूस नव्हे. त्याला किमान वेतनाहून कमी देऊन सुटून जाणारा तो भाव पाडतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच सांगितले आहे की, किमान वेतनाहून कमी दराने घेतलेले काम हे घटनेच्या २३ व्या कलमात निषिद्ध मानलेले सक्तीचे काम होय. न्यायालयास अपेक्षित असलेला अर्थ आमच्या बाजारपेठेने अद्याप शिकावयाचा आहे.

शिवाय येथली गोष्ट अमेरिकेहूनही विचित्र आहे. तेथे मजूर समुद्र ओलांडून परका झाला. येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी आली, १८७८ चा जंगलचा कायदा आला, डहाणूस इराणी बांधव आले आणि त्यांनी चिकूच्या नामांकित बागा उठविल्या. वारली आपल्या पाड्यातच राहिला; त्याच्या पायाखालचे रान मात्र दुसऱ्याचे झाले. घर न सोडता माणूस परदेशी व्हावा असा हा प्रकार आहे.

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाही. उचल बंद केली तर श्रावण-भाद्रपदात त्या कुटुंबाने खावे काय? आदिवासी विकास महामंडळामार्फत सरकारने खावटी कर्जाची योजना काढली ती याच अडचणीसाठी होती. तिचा कारभार रखडला, बंद पडला, मग कधी अनुदानाच्या रूपाने पुन्हा दिसला. जोपर्यंत पावसाळ्यातील भूक वेळेवर भागविण्याची दुसरी सोय नाही तोपर्यंत उचल राहणार. ती बंद करा असे आम्ही म्हणतच नाही. ती उघड्यावर आणा, एवढेच आमचे म्हणणे आहे. १९७६ च्या वेठबिगारीविरुद्धच्या कायद्याने आगाऊ पैशापायी माणसास अन्यत्र जाण्याची मोकळीक नाकारणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि जिल्ह्यात दक्षता समित्या नेमावयास सांगितल्या आहेत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, कचेऱ्या आल्या. आता समितीचे काम कचेरीबाहेर, भट्टीवर दिसले पाहिजे.

मुलांचे काय, हाही प्रश्न याच टेंपोत बसून जातो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांकडे नेली, गुरे चरणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. पुढे १९९० नंतरच्या काळात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालविण्याचा प्रयोगही विधायक संसदेने केला. शिकागोत जेन ॲडम्स यांच्या हल हाऊसचे जे नाव होते त्याहून हे काम तिळभर कमी नाही. फरक इतकाच की, ते येथे दोन-चार व्रतस्थ माणसांच्या खांद्यावर राहिले.

आता वाढवणचे बंदर होत आहे. ता. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. सुमारे शहात्तर हजार कोटींचा खर्च सांगितला जातो. बंदर व्हावे की न व्हावे याविषयी मच्छीमार बंधूंचे म्हणणे आम्ही स्वतंत्र लेखात मांडू. येथे विचारावयाचे ते इतकेच की, भर घालणारा, खडी फोडणारा, लोखंड बांधणारा मजूर कोणाच्या वहीत असणार? कंत्राटदाराच्या हाताखालचा ठेकेदार, त्याच्या हाताखालचा मुकादम, आणि त्याच्या खिशातील उचलीची चिठ्ठी, असेच चालणार असेल तर काम सुरू होण्यापूर्वी ते सांगितलेले बरे.

आमच्या व्यापारी वाचकांस एक विनंती आहे. तलासरी, डहाणू आणि कासा येथील आठवडेबाजाराच्या दिवशी स्थानिक कचेरीच्या दाराशी एक टेबल मांडावे. उचल देणाऱ्याने ती तेथे, दोन साक्षीदारांसमक्ष, मराठीत लिहून द्यावी: रक्कम किती, दर काय, हिशेब कोणत्या दिवशी. एक प्रत मजुराच्या हाती, एक कचेरीत. कागद, शाई आणि लिहिणारा मुनीम हा खर्च बाजारपेठेने उचलावा. गणपतीच्या वर्गणीहून तो अधिक होणार नाही. येत्या भातकापणीपूर्वी हे टेबल मांडले गेले की नाही, याची बातमी आम्ही याच स्तंभात देऊ.