कपाळ थंड, तरी संसर्ग असू शकतो

मुळशी तालुक्यातील हिंजवडीत २०२० मध्ये आयटी कंपन्यांच्या प्रवेशद्वारांवर येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळासमोर ‘थर्मल गन’ धरली जाई. स्पर्श न करता होणारी तपासणी म्हणून ती सोयीची होती. पण ती पुरेशी होती का?

हे यंत्र त्वचेतून बाहेर पडणारे अवरक्त किरण मोजते, विषाणू शोधत नाही. उन्हातून दुचाकीवर आलेल्याचे कपाळ तापलेले असते, एसी गाडीतून उतरलेल्याचे थंड. पॅरासिटामॉल घेतल्यास तापही झाकला जातो. शिवाय कोरोनाची लक्षणे दिसायला २ ते १४ दिवस लागू शकतात. २००३ च्या सार्स साथीत कॅनडाने विमानतळांवर लाखो प्रवासी तपासले. त्यांत सार्सचा एकही रुग्ण सापडला नाही.

पुण्याचा अनुभव वेगळा नाही. १ मार्च २०२० रोजी दुबईहून परतलेल्या दांपत्याला संसर्ग असल्याचे ९ मार्चला प्रयोगशाळेतील चाचणीतून कळले. त्यांची मुलगी, टॅक्सीचालक आणि एक सहप्रवासी हे पुढचे बाधित सापडले ते संपर्कातील लोकांचा शोध घेतल्यामुळे.

पुढच्या साथीतही ही यंत्रे दारोदारी दिसतील. मात्र साथ रोखायची तर आधी प्रयोगशाळा आणि संपर्क शोधणारे आरोग्य कर्मचारी सज्ज हवेत.