टॉवरच्या बाहेरची लिफ्ट

ठाण्यात बाळकुम येथे १० सप्टेंबर २०२३ रोजी, रविवारी सायंकाळी, चाळीस मजली इमारतीच्या गच्चीवरील वॉटरप्रूफिंगचे काम आटोपून मजूर खाली येत होते. बांधकामासाठी बसविलेली लिफ्ट कोसळली आणि सात जण प्राणास मुकले. त्यापूर्वी जुलै २०२१ मध्ये वरळीतही बांधकामाची लिफ्ट कोसळून मजुरांचे बळी गेले होते. अशा अपघातानंतर दोर तुटला की वजन जास्त झाले, एवढ्याभोवतीच चर्चा फिरते. खरा प्रश्न त्याआधीचा आहे.

उंच टॉवरवरील बांधकामाची लिफ्ट रहिवाशांच्या लिफ्टसारखी नसते. बहुधा ती इमारतीबाहेर उभारलेल्या पोलादी मनोऱ्यावरून चढते. इमारत वाढते तसा हा मनोराही तुकड्यातुकड्यांनी वाढवावा लागतो आणि ठरावीक अंतरावर इमारतीला जखडावा लागतो. म्हणजे दहाव्या मजल्यापर्यंत तपासलेले यंत्र पंचविसाव्या मजल्यावर पोहोचते, तेव्हा ते पूर्वीचे उरलेले नसते. प्रत्येक वाढीनंतर जोडणीचे बोल्ट आणि वेग हाताबाहेर जाताच पिंजरा रोखणारा ब्रेक यांची नव्याने परीक्षा व्हायला हवी. परीक्षा म्हणजे लिफ्ट काही तास बंद, आणि काम थांबणे ठेकेदाराला परवडत नाही. शिवाय दिवसभर सिमेंट आणि टाइल्स वाहणारी लिफ्टच सुटीच्या वेळी माणसे वाहते. चाळीस मजले पायी कोण उतरणार?

कायद्यांचा तुटवडा नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ५०० कामगारांच्या कामावर सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा २५० वर आणली. सुधारणा स्वागतार्ह, पण टॉवरवरचे मनुष्यबळ प्लंबिंग, टाइल्स, रंगकाम अशा पोटठेकेदारांत विखुरलेले असते. पंधरा-वीस जणांची टोळी घेऊन आलेल्या मुकादमाची माणसे वेगळी मोजली, तर मर्यादा २५० काय आणि ५०० काय! बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरही जमा होतो. तो कल्याणकारी योजनांसाठी. लिफ्टचे बोल्ट तपासणारा निरीक्षक त्यातून मिळत नाही. योजनांच्या लाभासाठी नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी वर्षात ९० दिवसांच्या कामाचा दाखला. आज ठाणे, उद्या पनवेल असे फिरणाऱ्या मजुराला तो द्यायचा कोणी?

फेब्रुवारी २०२३ मध्ये वरळीत बांधकाम सुरू असलेल्या इमारतीवरून दगड पडून खाली असलेले दोघे दगावले. त्यामुळे हा केवळ कामगार खात्याचा विषय उरलेला नाही. उत्तुंग इमारतींना बांधकाम परवानगी टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत पालिकांकडे आहेच. पुढच्या मजल्यांची परवानगी देताना मनोऱ्याच्या वाढीव उंचीवरील चाचणीचा ताजा दाखला आणि संरक्षक जाळ्यांची पाहणी मागता येईल. विकासक विलंबाची तक्रार करतील. एरवीही या परवानगीसाठी ते कागदांचा गठ्ठा घेऊन जातातच. त्यात आणखी दोन कागद वाढतील.